उत्तर नसलेल्या प्रश्नाला एक मार्क

दिवाळीच्या सुट्टीत भाचीने आमच्या डायनिंग टेबलावर प्लेसमेंटची प्रश्नपेढी पसरली होती. फराळाचं ताट बाजूला सरकवून तिने माझ्यापुढे एक प्रश्न केला. सी भाषेत आय या चलाचं मूल्य ५ आहे. प्रिंटएफला एकाच ओळीत तीन गोष्टी दिल्यात: आय, आय++, ++आय. पडद्यावर काय छापलं जाईल? क्लासच्या उत्तरसूचीत ७ ६ ६. तिच्या मॅकवर आलं ५ ५ ७. शेजारी बसलेल्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर जीसीसी हा कंपायलर होता, तिथे ७ ६ ७.

"मावशी, तू वीस वर्षं हेच करतेस ना? यातलं खरं कुठलं?"

मी म्हटलं, एकही नाही. प्रश्नच खोटा आहे.

भाचीने हे जसंच्या तसं क्लासच्या सरांच्या कानावर घातलं आणि दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. माणूस सभ्य. बोलण्यात कुठे आवाज चढला नाही, 'मॅडम, मॅडम' करत त्यांनी मला अर्धा तास समजावलं. प्रिसीडन्सचा तक्ता नीट लावला तर उत्तर एकच येतं. टर्बो सीवर हजार वेळा चालवा, हजार वेळा ७ ६ ६च येतं. कंपन्या हे विचारतात, म्हणून आम्ही शिकवतो. आणि शेवटी, स्टँडर्डमध्ये काय लिहिलंय ते तुमच्यासारख्या लोकांसाठी. पोरांना त्याचं काय? फोनवर मी फारसं बोलू शकले नाही. पण हे म्हणणं एकट्या सरांचं नाही. ओरलला समोर बसून मी ते स्वतः ऐकलंय, इंटरव्ह्यूत ऐकलंय, ऑफिसात माझ्याच टीममध्ये ऐकलंय. म्हणून हे लेखी उत्तर.

तक्त्यापासून सुरुवात करू, कारण गैरसमजाचं मूळ तिथेच आहे. प्रिसीडन्स म्हणजे कुठला ऑपरेटर कुणाला चिकटतो, एवढंच. आपण शाळेत समासाचा विग्रह करायचो, तसं. 'आईवडील' म्हणजे आई आणि वडील. विग्रहात आई आधी आली, म्हणून संध्याकाळी घरी आधी आई पोचते असं कुणी म्हणत नाही. आय++ + ++आय या राशीत तक्ता इतकंच सांगतो की डाव्या आयला मागचे दोन प्लस चिकटलेत, उजव्या आयला पुढचे दोन, आणि मधला प्लस या दोघांची बेरीज करणार. डावी बाजू आधी काढायची की उजवी, आणि वाढवलेला आकडा आयमध्ये नेमका कधी जाऊन बसणार, याबद्दल तक्ता एक शब्द बोलत नाही. बोलणं त्याचं कामच नाही. कर्निघन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकात, ज्याची शपथ सीचे सगळे मास्तर घेतात, दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटच्या भागाच्या मथळ्यातच प्रिसीडन्स आणि मूल्यमापनाचा क्रम या दोन गोष्टी वेगवेगळ्या मांडल्यात. तिथेच फंक्शनला दिलेल्या मूल्यांमध्ये असा खेळ करू नका, असं उदाहरणासकट बजावलंय. उदाहरणातलं फंक्शनही प्रिंटएफच आहे.

मुद्दा असा की क्रम मोकळा ठेवला तो विसराळूपणाने नाही. ज्या पीडीपी-११ वर सी वाढली त्या यंत्रात रजिस्टरं आठ, त्यातलंही एक स्टॅकचं आणि एक प्रोग्राम काउंटरचं. हाताशी उरतात सहा. आता एखाद्या बेरजेची डावी बाजू साधी आहे आणि उजवीत कंसात कंस आहेत, तर आधी डावी काढून ठेवली की तिचा निकाल एक रजिस्टर अडवून बसतो आणि उजवीला जागा कमी पडते. जड बाजू आधी उरकली तर तेच काम एक रजिस्टर कमी घेऊन होतं. रवी सेठी आणि जेफ्री उलमन यांनी १९७० मध्ये हे गणित नीट मांडलं: कुठल्या फांदीला किती रजिस्टरं लागतील ते मोजा आणि ज्या फांदीला जास्त लागतात तिच्यापासून सुरू करा. सेठी आयआयटी कानपूरचे. आपल्याकडच्या कंपायलरच्या तासाला हे नाव येतं, पण त्याचा या प्रश्नाशी संबंध आहे हे कुणी सांगत नाही. डावीकडून उजवीकडे असा हुकूम भाषेने काढला असता, तर कंपायलरचे हात तिथेच बांधले गेले असते.

(जाता जाता: ++ हा ऑपरेटर पीडीपी-११ च्या ऑटो-इन्क्रिमेंटमुळे आला, हेही आपल्याकडे ठासून शिकवतात. रिचींनी स्वतः लिहून ठेवलंय की केन थॉम्प्सनने तो बी भाषेत आणला तेव्हा पीडीपी-११ जन्मालाच आलं नव्हतं.)

म्हणून १९८९ मध्ये अमेरिकेत सीचं पहिलं प्रमाणक निघालं तेव्हा समितीने ही मोकळीक तशीच ठेवली आणि तिच्या तीन जाती केल्या. त्या तिन्हींची खिचडी हाच सरांच्या क्लासचा खरा आजार आहे. इम्प्लिमेंटेशन-डिफाइंड म्हणजे कंपायलरने काहीतरी एक ठरवायचं आणि ते कागदावर लिहून द्यायचं. अनस्पेसिफाइड म्हणजे दोन-चार रास्त पर्यायांतला कुठलाही चालेल, लिहून द्यायची गरज नाही. फंक्शनला दिलेल्या मूल्यांपैकी आधी कुठलं काढायचं, हे या जातीत येतं. मधल्या स्वल्पविरामाला तिथे क्रमाचा काही अधिकार नसतो. तो नुसता दुभाजक. आणि अनडिफाइंड म्हणजे भाषेने हात वर केले. क्रम न ठरवता एकाच चलात दोनदा लिहिणं, किंवा एकीकडे लिहून दुसरीकडे वाचणं, हे या तिसऱ्या जातीत पडतं. भाचीचा प्रश्न यातलाच. ७ ६ ६ चूक आणि ५ ५ ७ बरोबर, असं इथे म्हणता येत नाही. इथे 'बरोबर' हा शब्दच लागू नाही.

आता टर्बो सीचा पुरावा. बोर्लंडने १९८७ मध्ये डॉससाठी काढलेला कंपायलर, आजही आपल्या कित्येक लॅबमध्ये डॉसबॉक्सच्या निळ्या खिडकीत जिवंत आहे. तो फंक्शनला द्यायची मूल्यं उजवीकडून डावीकडे स्टॅकवर ठेवत जातो. आधी ++आय: आय झाला ६, ठेवला ६. मग आय++: आधी ६ ठेवला, मग आय झाला ७. मग साधा आय: ७. छापताना वाचतो डावीकडून, म्हणून ७ ६ ६. मॅकवरचा क्लँग डावीकडून निघतो: ५, मग ५ ठेवून आय ६, मग आय ७ करून ७. आणि जीसीसी ++आयचा निकाल वेगळा उचलून ठेवण्याच्या फंदातच पडत नाही. सगळ्या वाढी उरकल्या की शेवटी आयमध्ये जे असेल ते वाचतो. म्हणून पहिल्या आणि तिसऱ्या जागी ७, मधे ६. तिघेही प्रामाणिक. तिघांचीही उत्तरं मी तुम्हाला यंत्र उघडून समजावून सांगू शकते. पण मी जे समजावलं ते त्या त्या कंपायलरबद्दल. सी भाषेबद्दल यातून काडीचंही कळलं नाही.

एरवी मी पोथीवाल्यांच्या बाजूची नाही. ग्रंथात लिहिलंय म्हणून खरं, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. चालवून बघ, मोजून बघ, हेच मी ज्युनिअरांना सांगत असते. पण इथे नेमकं उलटं आहे, आणि ते पचायला जड जातं हे मला मान्य आहे. प्रोग्रामिंगची भाषा निसर्गात सापडलेली वस्तू नाही. तो एक करार आहे. कराराची दुसरी बाजू काल शब्दाला जागली, यावरून करारात काय लिहिलंय ते कळत नाही. त्यासाठी करारच वाचावा लागतो. 'हजार वेळा तेच आलं' हा सरांचा युक्तिवाद म्हणजे वहिवाटीचा दावा झाला. वर्षानुवर्षं कसली म्हणून जमीन नावावर होईल, असा कूळकायदा सी भाषेत नाही.

दुसऱ्या भाषांत तो कधीकधी लागू झालाय, हे नाकारत नाही. पायथॉनच्या ३.६ मध्ये डिक्शनरीतल्या नोंदी घातल्या त्याच क्रमाने बाहेर यायला लागल्या. तेव्हा सांगितलं गेलं, हा आतल्या रचनेचा परिणाम आहे, भरवसा ठेवू नका. लोकांनी ठेवला. २०१८ मध्ये ३.७ आली आणि तो क्रम भाषेच्या हमीत जाऊन बसला. वहिवाट जिंकली. गो भाषेच्या मंडळींनी मात्र ताबाच बसू दिला नाही: मॅपमधल्या नोंदी फिरून बघताना सुरुवात मुद्दाम यादृच्छिक ठेवली, म्हणजे क्रमावर विसंबलेला प्रोग्राम तुमच्या टेबलावरच दगा देईल, ग्राहकाकडे नाही. मला हा दुसरा मार्ग जास्त आवडतो. क्लासमध्ये मुलांना दाखवायचं असेल तर हे दाखवा.

आणि ज्यांना हा प्रश्न विचारायचाच आहे त्यांनी तो जावामध्ये विचारावा. जावात डावीकडून उजवीकडे हा क्रम भाषेनेच ठरवून दिलाय. ५ पासून सुरू करून ++आय + ++आय केलं तर १३ येणार, कुठल्याही यंत्रावर. तोच मजकूर सीमध्ये टाकला तर क्लँगकडून १३ येतो आणि जीसीसीकडून १४. प्रश्न दिसायला तोच, पण एका भाषेत तो गणित आहे आणि दुसऱ्या भाषेत लॉटरी. सी++ वाल्यांनी २०१७ मध्ये नियम आवळले, त्यात आय = आय++ यालाही ठरलेला अर्थ मिळाला, पण आय + आय++ अजून मोकाटच आहे. उत्तरसूची छापताना सर यातली कुठली भाषा, कुठल्या सालची, हे वर लिहितात का?

"पण मॅडम, असा कोड प्रत्यक्षात लिहितं कोण?" सरांचा हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला, कारण उत्तर 'कुणीच नाही' असंच आहे. मग शिकवता कशाला? कुणीच लिहीत नाही अशी ओळ पाठ करून घेताना मुलाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसते: कंपायलरने शिव्या न देता चालवलं, म्हणजे त्याला अर्थ आहे, आणि तो अर्थ शोधून काढणं म्हणजे हुशारी. हा समज घेऊन तो मुलगा नोकरीला लागतो. तिथे आय++ + ++आय भेटत नाही. भेटतं ते असं.

समजा तुम्ही लिहिलं: अ मध्ये १०० मिळवून येणारा आकडा अ पेक्षा लहान निघाला, तर इंटची मर्यादा ओलांडली असं समजून थांब. टर्बो सीवर वाढलेल्या माणसाला हे अगदी स्वाभाविक वाटतं, कारण ३२७६७ मध्ये १ मिळवला की तिथे उणे ३२७६८ दिसतं आणि मास्तर सांगतात, 'चक्र फिरतं'. भाषा तसं सांगत नाही. चिन्ह असलेल्या पूर्णांकाने मर्यादा ओलांडणं अनडिफाइंड आहे. मग ऑप्टिमायझर असा विचार करतो: नियमात राहणाऱ्या प्रोग्राममध्ये हे घडणारच नाही; मग अ + १०० हे अ पेक्षा लहान कधीच नसणार; मग ही तपासणी कायम खोटी; मग ती हवी कशाला? आणि ती उडवतो. कुलूप लावलं होतं, सुताराने दार रंगवताना कुलूप काढून ठेवलं आणि सांगितलंही नाही. २००७ मध्ये जीसीसीच्या बगांच्या नोंदवहीत यावरून चांगलीच जुंपली होती, आणि पुढच्याच वर्षी सर्ट या सुरक्षा केंद्राने कंपायलर अशा तपासण्या गुपचूप गाळतात म्हणून जाहीर इशारा दिला. आता ताजं प्रमाणक म्हणतं की उणे आकडे टूज कॉम्प्लिमेंटनेच साठवायचे. तरीही मर्यादा ओलांडणं आजही अनडिफाइंडच आहे. यंत्राला काय जमतं आणि भाषा कशाची हमी देते, हे वेगळं आहे याचा याहून ढळढळीत पुरावा मला माहीत नाही.

२००९ ची लिनक्स कर्नलची गोष्ट तर प्रत्येक सीच्या वर्गात फळ्यावर लिहावी. २.६.३० आवृत्तीत टन नावाच्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये एका फंक्शनच्या सुरुवातीलाच टन या पॉइंटरमधून सॉकेट काढून घेतलं होतं. त्यानंतर तपासणी: टन नल असेल तर चूक परत कर. माणसाला वाटतं, क्रम चुकलाय, पण तपासणी आहे ना. कंपायलरला वाटलं: वर या पॉइंटरमधून वाचलंय, नल पॉइंटरमधून वाचणं अनडिफाइंड, म्हणजे हा नल नाही, म्हणजे खालची तपासणी फुकट. ती गेली. कर्नलमध्ये एरवी नलमधून वाचलं तर सगळं कोसळून निदान बोंब तरी झाली असती. पण हल्लेखोर मेमरीच्या शून्य पत्त्यावर स्वतःची माहिती मांडून ठेवू शकत होता, आणि तपासणी गेल्यामुळे कर्नल निमूटपणे तिथलं वाचत पुढे गेला. शेवट: साध्या वापरकर्त्याच्या हाती रूटचे अधिकार. त्यानंतर नलच्या तपासण्या उडवू नकोस असा खास फ्लॅग देऊनच कर्नल कंपाइल व्हायला लागला. ज्याने तो कोड लिहिला तो मूर्ख नव्हता. चालत होतं, एवढंच.

माझीही एक सांगते, नाहीतर मी वरून प्रवचन देतेय असं वाटेल. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका छोट्या बोर्डासाठी मी सेटिंगची फाइल वाचायचा कोड लिहिला. गेटचारकडून एकेक अक्षर घ्यायचं, 'चार' (कॅरेक्टर) या प्रकारच्या चलात ठेवायचं, आणि फाइल संपल्याची खूण म्हणजे उणे एक आला की थांबायचं. माझ्या डेस्कटॉपवर चोख. बोर्डावर टाकलं आणि बोर्ड मुका झाला. दीड दिवस मी केबल बदलल्या, सोल्डरिंगला दोष दिला, हार्डवेअरच्या मुलाशी भांडले. शेवटी तोच म्हणाला, आकडा छापून तर बघ. छापला: २५५. इंटेलच्या यंत्रावर चार चिन्हासह धरला जातो, त्यात उणे एक उणे एकच राहतो. आर्मवर तोच चार बिनचिन्हाचा, उणे एक तिथे २५५ होतो, आणि २५५ काही उणे एकच्या बरोबर होत नाही. लूप अनंत. इथे भाषेने दगा दिला नव्हता. हे इम्प्लिमेंटेशन-डिफाइंड आहे, आर्मच्या कागदपत्रांत ते साफ लिहिलेलं होतं, आणि गेटचार इंट परत देतो हेही. मी दोन्हीपैकी काहीच वाचलं नव्हतं. 'चालतं' एवढं पाहिलं होतं. लिनक्सच्या लोकांनाही ही डोकेदुखी इतकी झाली की ६.२ पासून त्यांनी सगळ्या यंत्रांवर चार बिनचिन्हाचाच, असं फ्लॅगने बांधून टाकलं.

एक आक्षेप सरांनी घेतला नाही, पण माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने घेतला, आणि तो जास्त वजनदार आहे. त्याचं म्हणणं, सगळा दोष कंपायलर लिहिणाऱ्यांचा. समितीला एवढंच म्हणायचं होतं की यंत्र करेल ते करू दे, यांनी त्यातून तपासण्या उडवायचा परवाना काढला. यात तथ्य आहे. १९८९ च्या मजकुरात अनडिफाइंडच्या व्याख्येपुढे 'अनुज्ञेय' वर्तन कुठून कुठपर्यंत ते सांगितलं होतं. १९९९ मध्ये तिथे 'संभाव्य' असा शब्द आला आणि तो भाग नुसती टीप झाला. पट्टा ढिला झाला खरा. मला स्वतःला पूर्णांकांच्या बाबतीत तो पुन्हा आवळलेला आवडेल, आणि माझ्या प्रकल्पांत मी चक्र फिरवण्याचा फ्लॅग लावून तो आवळतेही. पण ही तक्रार करायला आधी अनडिफाइंड म्हणजे काय ते ठाऊक हवं. 'उत्तर ७ ६ ६' असं शिकलेला मुलगा या वादात बसूच शकत नाही. त्याला वाद आहे हेच माहीत नसतं.

राहिला कंपन्यांचा मुद्दा. विचारतात, खरं आहे. मग सूचीत पाचवा पर्याय छापा: अनडिफाइंड. आणि लॅबमध्ये एवढं करा: जीसीसीला कंपाइल करताना 'वॉल' हा एक फ्लॅग द्या. या ओळीवर तो स्वतःच सांगतो की आयवर चाललेलं काम अनडिफाइंड असू शकतं. क्लँग तर न विचारता सांगतो. भाचीच्या मॅकवर तो पिवळा इशारा आला होता. तिने वर स्क्रोल करून तो दाखवला आणि म्हणाली, "वॉर्निंग आहे गं नुसती, एरर नाही. सर म्हणतात वॉर्निंगकडे लक्ष द्यायचं नाही."

सोमवारी तिची टेस्ट झाली. तिने ७ ६ ६ वर टिक केली. एक मार्क मिळाला.